जन्मानंतर फुप्फुसांतल्या रोगप्रतिकारक पेशी कशा घडतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात आणि जन्मल्यावर त्यांत हवा भरते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्या हवेबरोबर धूळ, जंतू, परागकण आणि धूरही पहिल्यांदाच आत जातो. त्यातल्या कशाशी लढायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, हे फुप्फुसातल्या पेशी पुढच्या काही दिवसांत आणि महिन्यांत शिकतात. त्या शिकण्याबद्दल नवे आईबाप, विद्यार्थी आणि नुसतेच कुतूहल असणारे लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत.

जन्माच्या वेळी फुप्फुसात रोगप्रतिकारक पेशी असतात का, की त्या नंतर येतात?

असतात. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, हाडांत मज्जा तयार होण्याच्याही आधी, पीतक पिशवीत पहिल्या भक्षक पेशी बनतात. यांनाच मॅक्रोफेज म्हणतात. त्यांतल्या काही वाढत्या फुप्फुसात येऊन राहतात. पुढे गर्भाचं यकृत रक्तपेशी बनवायला लागलं की तिथून मोनोसाइट नावाच्या पेशींची दुसरी लाट येते.

या पेशी पोटात असताना काय करतात, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. तिथे जंतू जवळपास नसतातच. उंदरांच्या गर्भात असं दिसलं आहे की भक्षक पेशी नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती कडं करून बसतात. मेलेल्या पेशी उचलणं, वाढीला मदत करणं, अशी बांधकामावरची कामं त्या करतात. ‘रोगप्रतिकारक’ हे नाव आपण त्यांना दिलं. त्यांची पहिली नोकरी घर बांधण्याची असते.

हवा खेळते त्या पोकळीत, म्हणजे वायुकोशांत, मात्र या वेळी भक्षक पेशी जवळपास नसतात. एकही श्वास न घेता गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात त्या फार क्वचित सापडतात, आणि एक-दोन दिवस जगलेल्या बाळांत त्या ठळक दिसू लागतात. श्वास सुरू होणं हीच त्यांच्यासाठी खूण असते.

पहिल्या श्वासाने असं काय बदलतं?

एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. पाणी शोषलं जातं, ऑक्सिजन एकदम वाढतो आणि वायुकोशांचं नाजूक अस्तर ताणलं जातं. हा ताण अस्तरातल्या पेशींना जाणवतो.

त्या अस्तरात ‘टाइप टू’ नावाच्या गुबगुबीत पेशी असतात. फुप्फुस मिटून चिकटू नये म्हणून लागणारा सरफॅक्टंट हा साबणासारखा थर त्या बनवतात. याच पेशी जन्माच्या सुमारास जीएम-सीएसएफ हा संदेशरेणू सोडतात, आणि उंदरांत जन्मानंतर लगेच इंटरल्यूकिन-३३ हा दुसरा संदेशही वाढतो. पुढे जे घडतं त्याचा बराच भाग या दोन संदेशांवर चालतो. फुप्फुसाच्या अस्तराला आपण नुसती भिंत समजतो, पण आपल्या राखणदारांना कामाला लावणारी आणि घडवणारी तीच असते.

वायुकोशातली भक्षक पेशी नेमकी कशी तयार होते?

या प्रश्नाचं उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागेल, कारण या विषयाचा गाभा इथेच आहे.

वर ज्या यकृतातून आलेल्या मोनोसाइट पेशी म्हटल्या, त्या जन्माच्या आसपास वायुकोशांत उतरतात. तिथे त्यांना जीएम-सीएसएफचा संदेश मिळतो. त्याने पेशीच्या आत पीपीएआर-गॅमा नावाचा एक कळीचा प्रथिनरेणू जागा होतो, आणि तो चरबी पचवण्याशी संबंधित जनुकं चालू करतो. त्यातच टीजीएफ-बीटा या दुसऱ्या संदेशाचीही भर लागते. उंदरांत हे सगळं पहिल्या आठवड्यात उरकतं: तिसऱ्या दिवशी अर्धवट घडलेली पेशी दिसते, सातव्या दिवसापर्यंत ती पूर्ण वायुकोशी भक्षक पेशी झालेली असते.

चरबी पचवण्याची जनुकं कशाला? सरफॅक्टंट मुख्यतः चरबीचाच असतो, आणि तो सतत बनतो. जुना थर कोणीतरी उचलायला हवा. ती झाडलोट या पेशींकडे असते. हे काम थांबलं की काय होतं ते १९९४ साली स्पष्ट दिसलं. जीएम-सीएसएफचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या रक्तपेशी बऱ्याचशा ठीक होत्या, पण फुप्फुसं मात्र सरफॅक्टंटने तुंबली. शास्त्रज्ञांना अपेक्षा होती रक्ताच्या आजाराची, आणि निघाला फुप्फुसाचा आजार. माणसांतला असाच आजार डॉक्टरांनी १९५८ मध्येच नोंदवून ठेवला होता: पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. त्याचं कारण पुढे उलगडलं. प्रौढांतल्या बहुतेक रुग्णांच्या शरीरात जीएम-सीएसएफविरुद्धच प्रतिपिंडं तयार झालेली असतात. संदेश पोचत नाही, भक्षक पेशी चरबी पचवू शकत नाहीत आणि वायुकोश भरून जातात.

अजून एक समजूत इथे मोडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पाठ्यपुस्तकांत असं होतं की सगळ्या भक्षक पेशी रक्तातल्या मोनोसाइटपासून आयुष्यभर नव्याने बनत राहतात. २०१० नंतरच्या काही वर्षांत पेशींना खुणा करून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा कळलं की निरोगी उंदराच्या वायुकोशांतल्या भक्षक पेशी जन्माच्या सुमारास एकदा वस्ती करतात आणि मग तिथल्या तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात. रक्ताकडून त्यांना फारशी भरती लागत नाही. म्हणून सुरुवातीचे ते दिवस मोलाचे. तेव्हा पेशी जशी घडते तशीच ती आणि तिची पिल्लावळ पुढे बराच काळ वागते.

या पेशी जंतूंशी लढतात की फक्त सफाई करतात?

दोन्ही करतात, पण गाजावाजा न करता. जिवंत उंदराच्या फुप्फुसाचं सूक्ष्म चित्रण केल्यावर दिसलं की त्या एका वायुकोशातून शेजारच्या वायुकोशात सरपटत जातात आणि आत आलेले जीवाणू गुपचूप गिळतात. त्यामुळे न्यूट्रोफिल या तापट पेशींना बोलावणं जात नाही, आणि अकारण सूज टळते. दिवसभरात आपण श्वासावाटे जे काही आत घेतो त्यातलं बहुतेक असंच निस्तरलं जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

फुप्फुसात फक्त याच भक्षक पेशी असतात का?

नाही. वायुकोशांच्या भिंतींमध्ये, रक्तवाहिन्यांशेजारी आणि मज्जातंतूंजवळ वेगळ्या प्रकारच्या भक्षक पेशी असतात. त्यांशिवाय टी पेशी, बी पेशी, डेंड्रायटिक पेशी, बेसोफिल, मास्ट पेशी हेही असतात. बेसोफिलचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. रक्ताच्या तपासणीत ही पेशी शंभरात एखादी सापडते, म्हणून फारसं कोणी तिच्याकडे बघत नसे. २०१८ साली उंदरांच्या वाढत्या फुप्फुसातल्या हजारो पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की फुप्फुसात राहणारे बेसोफिल हे रक्तातल्या बेसोफिलहून वेगळे असतात आणि लहानग्या भक्षक पेशींना घडवण्यात त्यांचाही हात असतो.

‘तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती कमकुवत असते’ हे खरं आहे का?

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की थांबवावंसंच वाटतं. धोका खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण ‘कमकुवत’ या शब्दाने चित्र चुकतं.

आधी फुप्फुसाकडे बघा. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. जन्माच्या वेळी त्यांतला फार थोडा भाग तयार असतो. बाकीचे वायुकोश जन्मानंतर, मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत, जुन्या पोकळ्यांत नवे पडदे उभे राहून बनतात. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत तर एक मायक्रॉनहूनही पातळ असते. अशा चालू बांधकामात दर नव्या कणासाठी जोराची सूज उठली, तर जंतू मरतील पण फुप्फुसाची वाढही खुंटेल.

म्हणून शरीर पहिल्या काळात हात आखडता घेतं. इंटरल्यूकिन-३३ मुळे उंदरांच्या फुप्फुसात आयएलसी-२ नावाच्या पेशी जमतात. त्या इंटरल्यूकिन-१३ सोडतात, आणि त्याने वायुकोशी भक्षक पेशी शांत, दुरुस्तीकडे झुकलेल्या स्वभावाच्या होतात. अस्तरातल्या पेशीही आपल्या पृष्ठभागावरच्या सीडी-२०० सारख्या रेणूंनी त्यांना ‘सबुरीने घे’ असं सांगत असतात.

या सबुरीची किंमत मोजावी लागते. उंदरांत हाच आयएलसी-२ चा संदेश रोखला, तर न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूशी भक्षक पेशी जास्त चांगल्या लढतात. म्हणजे क्षमता तिथे असते, शरीरच ती आवरून धरतं. ‘कमकुवत’ऐवजी ‘आवरून धरलेली’ म्हणावं, असं मला वाटतं. पालकांसाठी याचा अर्थ इतकाच की बाळात काही उणीव नाही, पण या काळात बाहेरून राखण जास्त लागते.

मग न्यूट्रोफिल? तेही आवरलेले असतात का?

त्यांच्या बाबतीत खरोखरच मर्यादा असते. नवजात बाळाचे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीला नीट चिकटत नाहीत, जंतूच्या दिशेने हळू सरकतात, आणि मज्जेतला त्यांचा साठा छोटा असल्यामुळे मोठ्या संसर्गात लवकर संपतो.

टी पेशींचं काय? त्यांची स्मृती कधी तयार होते?

टी पेशी बाळात भरपूर असतात, पण जवळपास सगळ्या कोऱ्या. त्यांनी अजून एकही जंतू पाहिलेला नसतो. त्याच वेळी त्यांच्यातल्या ‘नियामक’ टी पेशींचं प्रमाण तान्हेपणी मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त असतं. इतर पेशींना आवरणं हे त्यांचं काम. पुन्हा तीच सबुरी.

अवयवदान झालेल्या लहान मुलांच्या ऊतींवरून हे समजलं आहे. ज्या कुटुंबांनी तशा दुःखात दान आणि संशोधन दोन्हीला होकार दिला, त्यांच्यामुळे ही माहिती आपल्या हाती आहे, हे विसरता येत नाही. त्या अभ्यासांत दिसलं की स्मृती असलेल्या पहिल्या टी पेशी रक्तात नाही, तर फुप्फुसात आणि आतड्यात दिसतात. जिथे बाहेरचं जग शरीराला भिडतं तिथे त्या आधी तयार होतात. मात्र फुप्फुसातच मुक्काम ठोकून बसणाऱ्या स्मृतिपेशी तान्ह्या बाळात मोठ्यांइतक्या सहज तयार होत नाहीत. त्यांच्या टी पेशी चटकन कामाला लागतात, पण काम झाल्यावर मुक्कामी थोड्याच उरतात. लहान मुलांना तीच ती सर्दी पुन्हापुन्हा का होते, याचं एक कारण इथे मिळतं.

लहान मुलांच्या फुप्फुसात ‘तात्पुरत्या शाळा’ असतात असं वाचलं. ते काय?

उपमा चांगली आहे. श्वासनलिकांच्या फाट्यांजवळ बी आणि टी पेशींचे गुच्छ तयार होतात, त्यांना बाल्ट म्हणतात. आत आलेला जंतू बी पेशींना दाखवायचा आणि त्यांच्याकडून त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवून घ्यायची, हे काम एरवी लसिका ग्रंथीत चालतं. इथे ते फुप्फुसातच होतं. मानवी ऊतींच्या अभ्यासात हे गुच्छ पहिल्या काही वर्षांत सापडले आणि साधारण तीन वर्षांनंतर ओसरताना दिसले. निरोगी प्रौढांत ते क्वचितच असतात. मुक्कामी स्मृतिपेशी कमी असण्याच्या काळात ही सोय असावी, हे मला पटण्यासारखं वाटतं.

आईकडून बाळाच्या फुप्फुसाला काय मिळतं?

आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात जातात, आणि त्यातली बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांची पातळी आईइतकी, कधी आईपेक्षाही जास्त असते. जन्मानंतर ती हळूहळू झिजतात आणि बाळाची स्वतःची प्रतिपिंडं वाढायला वेळ लागतो. त्यामुळे साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पातळी सगळ्यात खाली असते.

दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून, आयजीए हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड मिळतं. ते रक्तात जात नाही. घसा, नाक आणि आतड्याच्या ओल्या अस्तरावर लेप देऊन जंतूंना चिकटू देत नाही. स्तनपान मिळणाऱ्या बाळांत छातीच्या संसर्गाचं प्रमाण आणि तीव्रता कमी असते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याच काळाला धरून आहे. काही कारणाने दूध देता आलं नाही, तर त्या आईने अपराधी वाटून घेऊ नये. वारेतून दिलेलं बाळाकडे असतंच, आणि लसीही आहेत.

गरोदरपणात आईला दिलेल्या फ्लू, डांग्या खोकला आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) यांच्या लसी याच वाटेने बाळापर्यंत पोचतात. आईच्या शरीरात प्रतिपिंडं बनतात आणि बाळ ती घेऊन जन्माला येतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे सगळं कसं होतं?

इथे अडचणी एकावर एक येतात. सरफॅक्टंट पुरेसा होण्याआधीच श्वास घ्यावा लागतो. शेवटच्या महिन्यांत मिळणारी आईची प्रतिपिंडं अर्धीच मिळालेली असतात. भक्षक पेशींची घडण सुरू होण्याची वेळ झालेली नसते, आणि ती कृत्रिम श्वास व जास्तीच्या ऑक्सिजनच्या वातावरणात सुरू होते.

सूज आणि वाढ यांचं वैर या बाळांत प्रत्यक्ष दिसतं. ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया या आजाराचं वर्णन १९६७ मध्ये झालं. त्यात वायुकोश कमी आणि मोठे राहतात, नवे पडदे उभे राहत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की भक्षक पेशी दाहाच्या मार्गाला लागल्या की वाढीचे संदेश दबतात आणि फुप्फुसाची फांद्या फुटण्याची क्रियाच मंदावते. गर्भातही याच पेशी बांधकामावर असतात, हे लक्षात घेतलं की हे कोडं सुटतं. बांधणारेच लढाईला गेले तर काम थांबणारच.

उपचार मात्र खूप पुढे गेले आहेत. लवकर प्रसूती होण्याची चिन्हं असतील तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, म्हणजे बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. हा शोध १९७२ चा. सरफॅक्टंट बाहेरून देण्याची यशस्वी सुरुवात १९८० मध्ये झाली. श्वास देण्याच्या सौम्य पद्धती आल्या. यातली प्रत्येक गोष्ट फुप्फुसावरचा ताण कमी करते, आणि त्याबरोबर पेशींना भडकण्याचं कारणही.

फुप्फुसात जंतू राहतात का? त्यांचा या घडणीशी काय संबंध?

जुन्या पुस्तकांत फुप्फुस निर्जंतुक असतं असं लिहिलेलं असायचं. ते तसं नसतं. थोडे जंतू ये-जा करत असतात. उंदरांच्या पिल्लांत पहिल्या दोन आठवड्यांत या जंतूंची संख्या वाढते आणि त्यांचे प्रकारही बदलतात. त्याच काळात फुप्फुसात पीडी-एल१ या आवरणाऱ्या रेणूचं प्रमाण काही दिवस वाढतं आणि नियामक टी पेशी तयार होतात. त्याआधी धुळीतल्या किड्यांचा अंश दिला तर पिल्लांना जोरदार ॲलर्जीची सूज येते. नंतर दिला तर सोसतात. आणि त्या दोन आठवड्यांत पीडी-एल१ रोखला, तर ती ॲलर्जीची ओढ मोठेपणापर्यंत टिकते. सुरुवातीच्या काळाला ‘खिडकी’ म्हणतात ते अशा प्रयोगांमुळे.

आतड्यातल्या जंतूंचाही फुप्फुसावर परिणाम होतो. पिल्लांना जन्मताच अँटिबायोटिक दिल्यावर आतड्यातले जंतू घटले, आणि त्यामुळे फुप्फुसात पोचणाऱ्या आयएलसी-३ या राखणदार पेशीही घटल्या. मग न्यूमोनियाचा धोका वाढला. यावरून डॉक्टरांनी लिहिलेलं अँटिबायोटिक टाळू नका. खऱ्या संसर्गात ते जीव वाचवतं. विषाणूच्या साध्या सर्दीत मात्र ते मागून घेऊ नका.

मग बाळाला मुद्दाम धुळीत, मातीत खेळवावं का? त्याने दमा टळतो असं म्हणतात.

शेतावर, गुराढोरांजवळ वाढलेल्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी आढळतात, हे खरं आहे. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ मध्ये झाली. दोघांचा वंश जवळचा आणि राहणी बरीच सारखी. पण आमिश मुलं गोठ्याजवळ वाढतात, तर हटराइट लोकांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर असते. आमिश मुलांत दमा कितीतरी कमी निघाला, आणि त्यांच्या घरातल्या धुळीत जीवाणूंचे अंश जास्त होते.

पण गोठ्याजवळची धूळ म्हणजे रस्त्यावरची धूळ नव्हे. वाहनांच्या धुरातले कण, बांधकामाची भुकटी, चुलीचा धूर यांनी असा काही फायदा होत नाही, नुकसानच होतं. बाळाला घराबाहेर मोकळ्या हवेत न्या, घरात जनावर असेल तर घाबरू नका, आणि रांगत्या बाळाच्या मागे दिवसभर जंतुनाशक घेऊन फिरू नका. मुद्दाम संसर्ग लावायला जाणं मात्र धोक्याचं आहे, विशेषतः पहिल्या महिन्यांत.

तंबाखूच्या आणि स्वयंपाकाच्या धुराने या पेशींवर काय परिणाम होतो?

धूम्रपान करणाऱ्यांच्या वायुकोशी भक्षक पेशी तपकिरी कणांनी ठासून भरलेल्या दिसतात. त्यांची संख्या वाढते, पण जंतू मारण्याची ताकद घटते. शेजारी बसलेल्या बाळाच्या फुप्फुसातही तोच धूर जातो, आणि धूम्रपान असलेल्या घरातल्या तान्ह्या बाळांना छातीचे संसर्ग जास्त होतात. खिडकीत उभं राहून ओढल्याने हे टळत नाही. लाकूड-कोळशाच्या चुलीचा कोंडलेला धूरही तितकाच वाईट. या बाबतीत मला मधला मार्ग सुचवता येत नाही.

आरएसव्ही हा विषाणू तान्ह्या बाळांनाच इतका का छळतो?

दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळीच मुलं त्याच्या तावडीतून गेलेली असतात. बहुतेकांना नुसती सर्दी होते. पहिल्या सहा महिन्यांत मात्र श्वासनलिका इतक्या बारीक असतात की थोडी सूज आणि कफ यांनीच त्या बंद होतात. विषाणूंविरुद्धचं इंटरफेरॉन बाळात कमी बनतं आणि टी पेशींची दिशा अजून सबुरीकडे असते. २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या सुमारे १ लाख मुलांचा मृत्यू या विषाणूमुळे झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते.

गेल्या काही वर्षांत याविरुद्ध दोन साधनं आली. एक, गरोदरपणी आईला देण्याची लस. दुसरं निर्सेव्हिमॅब: ही लस नव्हे, तयार प्रतिपिंडच आहे. एका इंजेक्शनने ते साधारण पाच महिने पुरतं. बाळाच्या पेशी शिकेपर्यंत उसनी राखण देणं, अशी ही कल्पना आहे.

करोनाच्या साथीत लहान मुलांना त्रास कमी का झाला? त्यांची प्रतिकारशक्ती तर अजून घडत होती.

मुलांच्या नाकाच्या अस्तरातल्या पेशींत विषाणू ओळखणारे रेणू आधीपासूनच जास्त सज्ज होते, म्हणून इंटरफेरॉन लवकर सुटलं आणि विषाणू वरच अडला. शिवाय मुलांकडे कोऱ्या टी पेशींचा मोठा साठा असतो, आणि कोणीच न पाहिलेल्या विषाणूसमोर त्याचा उपयोग होतो. अगदी तान्ह्या बाळांना मात्र मोठ्या मुलांपेक्षा रुग्णालयात जास्त न्यावं लागलं.

बीसीजीची लस फुप्फुसासाठी काय करते?

क्षयाचे जंतू श्वासातून आले की आधी वायुकोशी भक्षक पेशींतच शिरतात, आणि या शांत स्वभावाच्या पेशी त्यांना सुरुवातीला नीट मारत नाहीत. तान्ह्या बाळात त्यामुळे क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा सगळ्या शरीरात पसरू शकतो. १९२१ पासून वापरात असलेली बीसीजी अशा पसरणाऱ्या, जीवघेण्या क्षयापासून बाळाला चांगलं वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा परिणाम तितका भरवशाचा नाही.

प्रतिकारशक्ती वाढवणारी टॉनिकं, घुटी, मध यांचा उपयोग होतो का?

नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम होऊ शकतो.

साधी सर्दी कुठे संपते आणि छातीचा आजार कुठे सुरू होतो, हे कसं ओळखायचं?

बाळ शांत असताना पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर तो जलद श्वास समजतात. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते सुस्त पडून राहिलं असेल, तर मोजत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर बाकी काही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू होतात?

दिशा लागू होते, घड्याळ नाही. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला खरे वायुकोश नसतात. ते जन्मानंतर बनतात. माणसात त्यांची सुरुवात गर्भातच, शेवटच्या आठवड्यांत झालेली असते. शिवाय प्रयोगशाळेतले उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतात, आणि आपण आयुष्यभर काही ना काही संसर्ग घेत असतो. माणसाच्या बाबतीतला मोठा फरक फुप्फुस-प्रत्यारोपणातून दिसला. दात्याच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी काही काळ टिकतात, पण रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून आलेल्या पेशीही तिथे येऊन वायुकोशी भक्षक पेशी बनतात.

घडण्याचं हे काम पूर्ण कधी होतं?

एकच वय सांगता येणार नाही, कारण प्रत्येक पेशीचं वेळापत्रक निराळं असतं. वायुकोशी भक्षक पेशी सगळ्यांत आधी घडतात. बाल्टचे गुच्छ तिसऱ्या वर्षानंतर ओसरतात. मुक्कामी स्मृतिपेशी बालपणभर साठत जातात.

त्यानंतरही फुप्फुस तसंच राहत नाही. जोराच्या फ्लूमध्ये वायुकोशी भक्षक पेशी मोठ्या संख्येने मरतात, आणि रिकाम्या जागी रक्तातले मोनोसाइट उतरतात. त्यांना अस्तराकडून तोच जीएम-सीएसएफचा संदेश मिळतो, त्यांच्यातही पीपीएआर-गॅमा जागा होतो आणि त्याही सरफॅक्टंट उचलायला लागतात. पण सुरुवातीचे काही आठवडे त्या जुन्या रहिवाशांपेक्षा तापट असतात. उंदरांत अशा नव्या पेशींनी भरलेलं फुप्फुस फ्लूनंतरच्या काही आठवड्यांत न्यूमोकॉकसशी जास्त जोराने लढलं, आणि काही महिन्यांनी त्या पेशी शांत झाल्या तशी ती जादाची ताकदही ओसरली.